डावीकडे ओढणारी गाडी

आई गेल्यानंतर बाबांनी पहिली तक्रार केली ती गाडीची. स्वतःबद्दल नाही, घराबद्दल नाही, माझ्या स्वयंपाकाबद्दलही नाही, जो खरं तर तक्रार करण्यासारखाच होता. एका सकाळी फेरी उरकून ते डोंबिवलीला घरी आले, दारात चपला काढल्या आणि म्हणाले, "गाडी डावीकडे ओढतेय."

गाडी म्हणजे आमचा जुना पिकअप. पहाटे कल्याणच्या फुलबाजारात झेंडू-शेवंतीची पोती भरायची, भिवंडी बायपासने माजिवड्याला यायचं आणि नौपाड्यातल्या फुलवाल्यांकडे दुकानं उघडायच्या आत माल पोचवायचा, हा बाबांचा धंदा. त्या पिकअपच्या स्टिअरिंगला वर्षानुवर्षं प्ले होता. चक्र तीन-चार बोटं फिरवलं तरी पुढच्या चाकांना त्याचा पत्ता नसायचा. त्याच्या पुढे फिरवलं की मग चाकं वळायची. अशी गाडी सरळ रस्त्यावरही सरळ जात नाही. थोडी इकडे, थोडी तिकडे भटकत राहते आणि चालवणाऱ्याला चक्र सतत हलतं ठेवावं लागतं, कढी फुटू नये म्हणून ढवळत राहावं तसं. बाबांना त्याचा त्रास सोडाच, उलट अभिमान होता. "दुसरा कुणी बसला तर पहिल्या वळणाला घाम फुटेल त्याला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

शेजारच्या सीटवर आई असायची. मी कॉलेजात जायला लागले आणि घरात तिची पहाटे गरज उरली नाही, तेव्हापासून ती रोज त्यांच्याबरोबर निघायची. मांडीवर टोपली, टोपलीत मोगरा, हातात सुई. गाडी चालू असताना ती गजरे करायची आणि नौपाड्यात पोचेपर्यंत टोपलीभर गजरे तयार असायचे. एवढी हलणारी गाडी, पण तिची सुई कधी बोटात गेल्याचं मला आठवत नाही.

तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. आईचं सगळं "अहो"वर भागायचं. लांबवलेला "अहो" म्हणजे चहाची टपरी जवळ आली. हळू, घशातला "अहो" म्हणजे आता त्या दुकानदाराशी वाद पुरे. आणि एक तुटक, वरच्या पट्टीतला "अहो" होता, तो गाडीत फार ऐकू यायचा. तो आला की बाबा चक्र उजवीकडे घ्यायचे आणि वर म्हणायचे, "दिसतंय गं मला." बाजारातले हमाल चेष्टा करायचे, काकांच्या गाडीला हॉर्न नसला तरी चालेल, काकू आहेत ना. आई हसून खाली मान घालायची. निदान आम्हाला वाटायचं की तिची मान खाली आहे.

तिला ताप आला, तो डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मी याबद्दल जास्त लिहिणार नाही. दिवसकार्य झाल्यावर लगेच बाबा पहाटे उठले आणि किल्ली घेऊन निघाले. मी अडवलं तर म्हणाले, "घरात बसून काय करू? भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसू?" त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात दिवसभर असायचे. घरात ते आणि तो हार घातलेला फोटो. गाडी हीच एक जागा होती जिथे ते अजून पूर्वीचे होते.

पण गाडी पूर्वीची राहिली नव्हती. आधी डावा आरसा मोडला. मग डाव्या दारावर एक लांब ओरखडा आला, कुठे आला ते त्यांना सांगता येईना. मग कोनगावजवळ एका उभ्या रिक्षाला घासली आणि लोक जमले. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "स्टिअरिंग साफ गेलंय. दुरुस्त झालं नाही तर गाडी बंद करावी लागेल." आणि ज्या आवाजात ते हे बोलले, तो आवाज मी दवाखान्यातही ऐकला नव्हता. मला कळलं, हा माणूस एकदा कोसळला त्यातून कसाबसा सावरतोय, दुसऱ्यांदा नाही सावरणार. गाडी दुरुस्त झालीच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक गॅरेज होतं. तिथला मेकॅनिक बोलायला चटपटीत आणि हाताला उतावळा. त्याने चक्र डावी-उजवीकडे हलवून पाहिलं, तोंडाने "च्यक" केलं आणि म्हणाला, "ताई, बॉक्स ढिला झालाय. टाइट करून देतो, एकदम मक्खन." स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू त्याने असा आवळला की दुसऱ्या दिवशी बाबांना वळणावरून गाडी सरळ करायला अंगाने लोंबकळावं लागलं. चक्र आपणहून परत येईचना. मी संध्याकाळी जाऊन त्याच्या गॅरेजात उभी राहिले आणि माझ्या मते शांतपणे बोलले. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने काम थांबवून ऐकलं, म्हणजे फार शांतपणे नसेन बोलले.

मग त्याने काम नीट केलं. एका पोऱ्याला चक्र हलवायला बसवलं, स्वतः गाडीखाली गेला आणि एकेक जोड हाताने चाचपला. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची टोकं झिजून खडखडत होती, एका बाजूचा बॉल जॉइंट गेलेला होता, पुढचे टायर आतल्या कडेने खाल्लेले होते. सगळं बदललं. बॉक्स पुन्हा जिथे हवा तिथे आणून ठेवला. मग माजिवड्याला नेऊन चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. शेवटी त्याने मला आणि बाबांना गाडीत बसवलं, इस्टेटच्या लांब सरळ रस्त्यावर गाडी घेतली आणि दोन्ही हात चक्रावरून उचलले. गाडी दोरी लावल्यासारखी गेली.

बाबांनी ते बघितलं आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसले. "हे बघायला तुझी आई पाहिजे होती," म्हणाले. "हात सोडून चालवतोय म्हणून त्याला झापलं असतं तिनं." मी तोंड खिडकीकडे फिरवलं. मलाही हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

आठवडा गेला. बाबा घरी आले आणि चपला काढून म्हणाले, "अजून ओढतेय."

मी त्या मेकॅनिकला फोनवर जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा शपथा घेत होता. "ताई, गाडी सरळ आहे. तुमच्यासमोर चालवून दाखवली ना?" दाखवली होती हे खरं. म्हणूनच मला आणखी संताप आला. मी ऑफिसात रजा टाकली. ठरवलं, पहाटे स्वतः बरोबर जायचं, गाडी कुठे, कशी, किती ओढते ते बघायचं आणि मग त्याच्या गॅरेजात जाऊन बसायचं.

आईच्या सीटवर तिची उशी तशीच होती. मी दार उघडल्यावर बाबा क्षणभर थांबले. मग त्यांनी हात लांब करून ती उशी उचलली, झटकली आणि पुन्हा तिथेच ठेवली. "बस," म्हणाले. गाडीच्या छताला आतून लावलेल्या कापडात तिची सुई खोचलेली होती, दोऱ्यासकट.

बाजारातून माल भरून निघालो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. दुर्गाडीचा पूल गेला, कोनगाव गेलं. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. ते पूर्वीचं ढवळणं आता नव्हतं. चक्र घट्ट होतं, एक बोट फिरवलं तरी गाडी ऐकत होती. आणि तरीही बायपासला लागल्यावर ती हळूहळू, अगदी हळूहळू डावीकडे सरकायला लागली. पट्टा ओलांडून कडेच्या मातीकडे. बाबा समोर बघत होते. चेहरा निवांत. हात स्थिर.

"बाबा, डावीकडे चाललीय."

"हां," म्हणत त्यांनी गाडी सरळ केली. "बघितलंस? ओढते."

गाडी ओढत नव्हती. गाडी जिथे नेतील तिथे जात होती. ते डावीकडे नेत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं. पुन्हा तसंच झालं. पुन्हा मी सांगितलं. "दिसतंय मला," ते म्हणाले, आणि या खेपेला चिडून.

माजिवडा जवळ आल्यावर कडेने एक बाई चालली होती. डोक्यावर बोचकं, पाठ आमच्याकडे. गाडी तिच्या रेषेत सरकत होती. मी ओरडले, "बाबा!" आणि बाबांनी काय करावं? मान वळवून माझ्याकडे बघितलं. मुलीने हाक मारली की बाप जसा बघतो तसं, काय गं, म्हणून. रस्ता सोडून माझ्याकडे. ती बाई आता समोरच्या काचेच्या कोपऱ्यात आली होती.

"अहो!"

ते माझ्याच तोंडून निघालं. तुटक, वरच्या पट्टीतलं. मी आयुष्यात कधी कुणाला तशी हाक मारलेली नाही. आणि बाबांचे हात त्याच क्षणी उजवीकडे वळले. बघणं नाही, विचार करणं नाही, डोक्यापर्यंत काही जायच्या आधीच. ती बाई माझ्या खिडकीजवळून मागे गेली. तिच्या पदराचा काठ मला दिसला, हिरवा होता. तिला काहीच कळलं नाही. ती आपली चालत राहिली.

थोडं पुढे गेल्यावर बाबांनी गाडी बाजूला घ्यायला सुरुवात केली, आणि त्यासाठी त्यांना पूर्ण मान डावीकडे फिरवावी लागली. इंजिन बंद केलं. मागून झेंडूचा वास येत होता. मला वाटलं ते रागावतील. आईचा शब्द मी तोंडात घेतला म्हणून.

ते म्हणाले, "मला वाटायचं, ती आपली बोलतेय माझ्याशी."

आणि ते रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाबांना मी रडताना पाहिलं होतं, स्मशानातून आले तेव्हा, चार लोकांत. हे रडणं वेगळं होतं. त्या दिवशी माल पोचवायला आम्हाला उशीर झाला आणि एका दुकानदाराने कुरकूर केली. मी त्याच्याकडे फक्त बघितलं. तो गप्प बसला.

नौपाड्यातच डोळ्यांचा दवाखाना आहे. डॉक्टरबाईंनी बाबांना यंत्रात डोकं ठेवायला लावलं, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाल्या. किती तरी वेळ बटण वाजतच नव्हतं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही नाकाकडची बाजू पुसली गेलेली, त्यामुळे डावीकडचं म्हणून त्यांना काही दिसतच नव्हतं. दुखत नाही, लाल होत नाही, माणसाला कळतही नाही, त्या म्हणाल्या. बरीच वर्षं चाललं असणार. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंबांनी टिकेल. आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. आणि गाडी चालवायची नाही, आजपासूनच.

रिक्षात बसल्यावर मला आईचा राग आला. मेलेल्या माणसावर असं रागवू नये म्हणतात, मी रागावले. तुला दिसत होतं ना? मग हाताला धरून का नाही आणलंस यांना इथे? गजरे करत, खाली मान घातल्यासारखं दाखवत, रोज इतक्या लांबचा रस्ता तू यांच्या वाटचा बघत राहिलीस, आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस. तिला आजाराचं नाव माहीत नसणार. वय झालं की कमी दिसतं, एवढंच तिने धरलं असणार. आणि बाबांची गाडी सुटली तर बाबांचं काय होईल, हेही तिला माझ्याआधी कळलं असणार. मी हे सगळं स्वतःला सांगितलं, पण राग गेला नाही. थोडा अजूनही आहे.

बाबांनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं, थेंब टाकायला लागले, आणि किल्ली मात्र खिशातून काढेनात. दोन-तीन दिवस माल दुसऱ्याच्या गाडीतून गेला. मग एका संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे.

"तू येशील का पहाटे? ऑफिसच्या आधी सोडतो तुला. तू फक्त शेजारी बस आणि सांगत जा. त्या दिवशी सांगितलंस तसं." थांबले. "तसंच म्हण. माझे हात ऐकतात ते."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. हो म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मला तो हिरवा काठ दिसत होता.

"नाही बाबा," मी म्हणाले. "मी आई नाही. मला नाही जमणार."

ते आत गेले. पुढचे दोन दिवस आमच्यात हो-नाहीपलीकडे बोलणं झालं नाही. किल्ली त्यांच्या खिशातच होती. पहाटे ते उठून बसायचे, मी अंधारात त्यांच्या खाटेचा आवाज ऐकायचे आणि दाराच्या कडीकडे कान लावून पडून राहायचे.

आता ताटाबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात ताट वाढायची शिस्त कडक होती, आणि ती आईची होती. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. लहानपणी मी चुकीच्या बाजूला वाढलं तर ती ताट उचलून पुन्हा वाढायला लावायची. तीच आई शेवटची काही वर्षं बाबांच्या ताटात चटणी उजवीकडे, भाजीच्या शेजारी वाढायची. मी एकदा चिडवलंही होतं, काय गं, आता कुठे गेली शिस्त? तर म्हणाली, "त्यांना तसं बरं पडतं." ती गेल्यावर मी बाबांना ताट वाढायला लागले, तिनेच शिकवल्याप्रमाणे, चटणी डावीकडे. ते चटणीला हातच लावत नव्हते. ताटात तशीच्या तशी राहायची. आईच्या हातची नाही म्हणून, असं मी धरून चालले होते. शेंगदाण्याची करून पाहिली, लसूण वाढवून पाहिला, जवसाची केली. मनातून मला ते लागतही होतं.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवायला बसलो. भाकरी, वांग्याची भाजी, चटणी. बाबांनी दोन घास खाल्ले आणि गेल्या दोन दिवसांतलं पहिलं पूर्ण वाक्य बोलले.

"अलीकडे तू चटणी करतच नाहीस का गं?"

चटणी त्यांच्या ताटात होती. डावीकडे, मिठाच्या शेजारी, लालभडक. मी हात पुढे करून त्यांचं ताट हळूच फिरवलं. चटणी उजवीकडे आली.

त्यांनी ती बघितली. मग मान वळवून डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं. आईने इतकी वर्षं काय केलं, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही.

"म्हणजे घरातसुद्धा," ते म्हणाले.

भाकरीचा घास त्यांच्या हातातच राहिला. मग म्हणाले, "किती दमली असेल गं ती. एक दिवस डोळा लागला नाही तिचा गाडीत. मी झोप म्हणायचो, तर म्हणायची, मला गाडीत झोप लागत नाही."

त्यांनी उष्टा हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने खिशातून किल्ली काढली. चाचपून ताटाच्या डाव्या बाजूला ठेवली, जिथे ती त्यांना दिसणार नव्हती.

"बाजारात मी जाईन. माल मीच घेईन," ते म्हणाले. "चालवायला कुणीतरी बघ."

मी हो म्हटलं. त्यांनी भाकरी चटणीला लावली आणि खाल्ली. मग म्हणाले, लसूण जरा जास्त झालाय.